मांजराचं पथ्य

“उजेडात आणा.”

मांजर कुणाचंही असो, मॅडमचं पहिलं वाक्य हेच असायचं. टेबलावर ठेवलेलं मांजर त्या उचलायच्या, तडक दवाखान्याच्या पायरीवर जायच्या आणि उन्हाकडे तोंड करून अंगठ्यानं त्याचा कान उलटा करायच्या. मग वरचा ओठ सरकवून हिरडी बघायची. मग डोळ्याचा पांढरा भाग. शेवटी मांजराच्या तोंडाचा वास घ्यायचा. हा वास घेताना त्या स्वतःचे डोळे मिटायच्या, त्यामुळे नव्या माणसाला वाटायचं की बाई मांजराचा मुका घेतायत.

“टेबलावर काय खराबी आहे?” असं एकदा मी विचारलं होतं.

“ट्यूबलाइटमदी पिवळं दिसत न्हाई, भाऊ. तितं सगळे निरोगी.”

तुम्ही आमच्या बीडकडच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात कधी मांजर घेऊन गेला असाल, तर तुम्हाला तिथला हशा माहीत असेल. रांगेत म्हैस असते, शेळ्या असतात, लंगडा बैल असतो, आणि मधे तुम्ही भाजीच्या पिशवीत मांजर घेऊन उभे. म्हशीवाला विचारतो, “ही किती लिटर देती वो?” त्या हशातून माणसाला वाट काढून आत नेणाऱ्या मॅडम एकट्याच. बाकीच्या स्टाफच्या लेखी मांजर हे जनावरच नव्हतं. ते आपलं आपण जगतं आणि आपलं आपण मरतं, असा खात्याचा एकूण समज. म्हणून यांचं नाव पडलं मांजरवाल्या मॅडम. मूळच्या धर्मापुरीकडच्या, अंगानं दणकट, म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून अडलेलं वासरू ओढून काढणाऱ्या. पण नाव पडलं ते मांजरावरून.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो रक्तामुळे. दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून माझी लॅब आहे. माणसांची. शुगर, हिमोग्लोबिन, विषमज्वर, असला नेहमीचा माल. एका दिवशी एक शिपाई लहानशी बाटली आणून देऊन गेला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: मनी, वय चार, लिंबागणेश, लिव्हरच्या तपासण्या. खाली फोन नंबर. माझ्या काउंटरवरच्या पोरीनं इमानदारीनं नोंद केली, “मनी, स्त्री, वय वर्षे चार.” तपासणी केली तर आकडे बघून मला घाम फुटला. मी स्वतः फोन लावला.

“मुलीला ताबडतोब दाखल करा. लिव्हरला लई सूज आहे. आत्ता कुठंय ती?”

पलीकडचा माणूस म्हणाला, “चुलीमागं दडलीय, साहेब. काढू का बाहीर?”

संध्याकाळी मॅडम रिपोर्ट घ्यायला आल्या तेव्हा मी तणतणलो. माणसाच्या मशीनवर मांजराचं रक्त चालवता, उद्या कुणाला कळलं तर माझ्याकडे कोण येईल, वगैरे. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “सोनोग्राफीवाल्याकडं गेलते आधी. ते म्हणले, मशीनच्या येकयेक वापराचा कागद ठेवावा लागतो, मांजराला कुठल्या रकान्यात बसवू. तुमच्याकडं रकाने कमी हायत.”

मी चहा सांगितला. तेव्हापासून लॅब बंद व्हायच्या वेळेला मांजरांची रक्तं येऊ लागली आणि मी ती मुकाट्यानं करू लागलो.

हळूहळू मलाही त्यात गोडी वाटायला लागली हे कबूल करतो. माझ्या छापील कागदावर जो पिवळेपणाचा आकडा माणसाला ठीक म्हणतो, तो मांजराला आजारी ठरवतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्यांच्याकडे एक वही होती, त्यात मांजराचे आकडे लिहिलेले. माझा कागद बाजूला सारून त्या वही उघडायच्या. रक्त मशीनमध्ये फिरत असताना दुधाच्या पातेल्याशेजारी उभं राहावं तशा उभ्या राहायच्या. नळी बाहेर काढली की वर आलेलं पाणी बघायचं. ते हरभऱ्याच्या डाळीच्या पाण्यासारखं पिवळं असलं की त्या आकड्यांकडे वळायच्या. मग एका आकड्याकडे बोट, दुसऱ्या आकड्याकडे बोट. “ह्यो वर गेलाय, ह्यो जागेवर हाय. म्हंजी लिव्हरमदी चरबी बसलीय. जेवण तुटलंय हिचं.”

त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कुत्रं आठ दिवस उपाशी राहिलं तर नुसतं वाळतं. मांजराला उपास झेपत नाही. त्यातही चांगलं खाऊन-पिऊन अंग धरलेल्या मांजरानं चार-पाच दिवस तोंड फिरवलं, की अंगातली चरबी सुटून लिव्हरमध्ये जाऊन बसते. लिव्हर थकतं, मांजर पिवळं पडतं, मळमळतं म्हणून आणखी खात नाही. औषध एकच. खायला घालायचं. नको म्हणालं तरी पिचकारीनं घालायचं, दिवसातून सहा वेळा, तीन आठवडे. उकडलेलं अंडं, कुस्करलेलं चिकन. पोटात अन्न गेलं की लिव्हर परत उभं राहतं.

म्हणजे मरतात ती लाडाचीच मांजरं. उकिरड्यावरच्या मांजराकडे लिव्हरमध्ये साठवायला चरबीच नसते.

आमच्या भागात या आजाराचा एक हंगाम आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरवर भांडी, गोधड्या, कोंबड्या, शेळी, लेकरं, सगळं चढतं. मांजर चढत नाही. मांजर पकडायला गेलं की ते पत्र्यावर जाऊन बसतं आणि ट्रॅक्टर कुणासाठी थांबत नसतो. मग ते म्हाताऱ्या माणसापाशी राहतं. ताटलीत भाकरी-दूध पडतं, पण ते दाराकडे तोंड करून बसतं. पंधरवड्यात मॅडमकडे पिशव्या यायला सुरुवात व्हायची. त्या कान बघायच्या आधीच विचारायच्या, “घरातलं कोन गेलं?”

पाली गावचे आबा असेच आले होते. बिंदुसरेच्या तलावाकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर. आयुष्यभर कोयता चालवलेला माणूस, आता गुडघे गेले म्हणून मागं राहिलेला. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. लेक मंदा आणि जावई तोडीला गेले आणि मंदाची चिंगी यांच्याकडे राहिली. पांढरी, पाठीवर एक काळा डाग, अंगानं गुबगुबीत. आबांनी एसटीनं तिला आणलं. मांडीवर पिशवी, पिशवीच्या तोंडातून चिंगीचं डोकं, आणि तिला ऊन लागू नये म्हणून आबांची टोपी तिच्यावर.

मॅडमनी पायरीवर नेऊन कान उलटा केला. आबांनाही दाखवला. “बगा आबा, पिवळं दिसतंय का? कावीळ हाय ही.” मग रक्त काढलं, मी तपासलं, निदान पक्कं झालं. मॅडमनी अंडं कसं पातळ करायचं ते दाखवलं, पिचकारी गालाच्या कडेनं कशी सारायची ते दाखवलं, आबांकडून एकदा करून घेतलं. आबांनी सगळं मान डोलावून ऐकलं. असा समजूतदार माणूस विरळा, असं मॅडम मला त्या दिवशी म्हणाल्या. चिंगी वाचणार याची त्यांना खात्री होती. मलाही होती, कारण आकडे अजून हाताबाहेर गेले नव्हते.

सहाव्या दिवशी आबा माझ्या लॅबमध्ये आले. माझ्या कागदावर पत्ता होता म्हणून इथं आले. मॅडम योगायोगानं तिथंच होत्या. आबांच्या हातात पिचकारी होती, धुऊन स्वच्छ केलेली, मूळच्या प्लॅस्टिकमध्ये परत घातलेली.

“चिंगी गेली, मॅडम. पर पथ्य येकदा बी मोडलं न्हाई.”

“कसलं पथ्य?” मॅडमनी विचारलं.

“काविळीचं. तुमी म्हणलात न्हाई का कावीळ हाय म्हून.”

मग त्यांनी सांगितलं. फार मनापासून सांगितलं. त्यांची बायको काविळीनंच गेली होती. तिच्या वेळेला घरात कुणाला काही कळलं नाही, तिला तेलकट खायला दिलं, ती चूक त्यांच्या मनात राहून गेली होती. या वेळी त्यांनी काही कसर ठेवली नाही. अंडं बंद. दूध बंद. मासळी बंद. कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊन चिंगीचे चारी पाय चुन्याच्या पाण्यात धुतले, पाणी पिवळं झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पुढचे पाच दिवस फक्त उसाचा रस, चमच्यानं, आणि दुपारी ज्वारीच्या लाह्यांचं पाणी. “अंडं तुमी सांगितलंत, पर मला वाटलं ते बरं झाल्यावरचं आसंल. काविळीत कोन अंडं देतंय?”

मी मॅडमकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

आपल्याकडे कावीळ म्हटलं की शहाण्यासुरत्या घरात काय करतात ते तुम्हालाही ठाऊक आहे. आबांनी तेच केलं. ज्या मांजराचा आजार उपासाचा, त्याला त्यांनी जीव ओतून उपास घडवला. आणि त्यांना तो घडवायला लावला मॅडमच्या एका शब्दानं. निदान अगदी बरोबर होतं आणि त्यानंच मांजर मेलं.

“मग कावून गेली ती?” आबांनी विचारलं.

मॅडमनी ती पिचकारी घेऊन टेबलावर ठेवली. “उशीर झालता, आबा,” त्या म्हणाल्या. “तुमी सगळं बरोबर केलं.”

आबा हात जोडून गेले. मॅडम चहा न पिता गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, “भाऊ, तुमी कावीळवाल्या माणसाला रिपोर्ट देताना काय सांगता?” मी म्हणालो, “काहीच नाही. ते डॉक्टरांचं काम.” त्या म्हणाल्या, “बरंय तुमचं.”

त्यानंतर त्यांनी तो शब्द टाकला. कान बघायच्या, रक्त पाठवायच्या, पण मालकाला आजाराचं नाव सांगायच्या नाहीत. “जेवण तुटलंय, खायला घाला,” एवढंच. आणि झालं भलतंच. नाव नाही म्हटल्यावर लोकांना तो आजारच वाटेना. जेवत नाही ना, मग भूक लागली की जेवेल. पिचकारी खिडकीत पडून राहायची. आठवड्यानं विचारलं की उत्तर यायचं, “दोन डाव घातलं, तिनं नख मारलं, मग सोडून दिलं.” शब्द सांगितला तर लोक पथ्य करत आणि नाही सांगितला तर हयगय करत. त्या हिवाळ्यात मी बारा-पंधरा तरी रक्तं तपासली असतील. त्यातलं एकही निदान चुकलं नाही. मांजरं मात्र गेली.

एक तेवढं वाचलं. ते लिंबागणेशचंच होतं, पण मनी नव्हे. त्या घरची बाई औषधाला बधेना तेव्हा मॅडमनी सुशिक्षितपणा गुंडाळून ठेवला आणि सांगितलं, “नजर लागलीय हिला. दिवसातून सा डाव अंडं उतरवायचं आन् ते हिच्याच पोटात घालायचं. येक डाव बी चुकलं तर परत पयल्यापासून.” बाईनं तीन आठवडे तंतोतंत दृष्ट काढली. मांजर ठणठणीत झालं. ते ऐकून मी पोट धरून हसलो. म्हणालो, मॅडम, आता हेच औषध लिहून देत जा.

त्या हसल्या नाहीत. “पाच वर्षं कॉलेजात घातली मी, भाऊ,” म्हणाल्या. “आन् मांजर वाचलं ते नजरंनं.” पुन्हा त्यांनी तसं कधी केलं नाही. मी खूपदा सुचवून पाहिलं. त्या बाबतीत बाई हट्टी होत्या आणि मला अजूनही वाटतं की तो हट्ट चुकीचा होता. त्यांनी तोंडावर खोटं बोलायला नको म्हणून दहा मांजरं घालवली आणि पुढे जिथं खोटं बोलायला नको होतं तिथं बोलल्या.

ते असं झालं. गुढीपाडव्यानंतर टोळ्या परतल्या. एका दुपारी मंदा मॅडमना शोधत माझ्या लॅबमध्ये आली. उन्हानं काळवंडलेली, तळहातांना उसाच्या पाचटानं कापलेल्या रेघा. आबा बाहेर पायरीवर गुडघा चोळत बसले होते. मॅडम आत माझ्याशी बोलत उभ्या होत्या. मंदानं सरळ विचारलं.

“मॅडम, चिंगी कशानं मेली ते खरं सांगा. आबा म्हणतेत कावीळ झाली, पथ्य पाळलं तरी गेली. शेजारीन म्हणती, तू टाकून गेलीस म्हून उपाशी मेली. मला चार महिने झोप न्हाई लागली. मी गेले म्हून मेली का?”

तिचा आवाज पायरीपर्यंत जात होता. आबांनी गुडघा चोळायचं थांबवलं.

खरं उत्तर दोन तुकड्यांचं होतं. तू गेलीस म्हणून तिनं जेवण सोडलं, हा एक. बापानं पथ्य केलं म्हणून ती मेली, हा दुसरा. दोन्ही तुकडे मॅडमना पाठ होते. त्यांनी टेबलावरचा माझा पेन उचलला, टोपण काढलं, परत लावलं.

“मला वळखायला उशीर झाला, बाई,” त्या म्हणाल्या. “आजार माझ्या ध्यानात आला न्हाई वेळेवर. चूक माझी हाय. तुजी न्हाई आन् आबाची तर अजिबात न्हाई.”

मंदा त्यांच्याकडे बघत राहिली. राग आला असेल असं मला वाटलं, पण तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. “कबूल केलंत, लई झालं,” ती म्हणाली, आणि बापाचा हात धरून त्याला उठवून घेऊन गेली.

दार लागल्यावर मी भडकलो. माझ्या फाइलमध्ये तो रिपोर्ट होता, पहिल्याच दिवशीचा, निदान स्पष्ट. “मॅडम, तुमच्यासारखं निदान या जिल्ह्यात कुणाला जमत नाही. आणि तुम्ही सांगता माझ्या ध्यानात आलं नाही?”

“मग कुनाला देऊ, भाऊ? लेकीला का बापाला?” त्या म्हणाल्या. “मला द्यायला सोपं पडतंय. माझं काय जातंय?”

त्यांचं काय गेलं ते मी पाहिलं आहे. मंदानं कुठे निंदा केली नसेल, जे ऐकलं तेच सांगितलं असेल. पण गावोगाव ते पोचलं. मांजरवाल्या मॅडमला मांजराचा आजार कळत नाही, त्यांनी स्वतः कबूल केलंय. दवाखान्यातल्या लोकांना आयताच विषय मिळाला. पुढच्या महिनाभरात पिशव्या बंद झाल्या. लॅब बंद व्हायच्या वेळेला मॅडम सवयीनं यायच्या, मशीनजवळ उभ्या राहायच्या. मशीन माणसांचं रक्त फिरवत असायचं. “आज काय?” मी विचारायचो. “म्हशी,” त्या सांगायच्या. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांनी स्वतः अर्ज करून लांबच्या जिल्ह्यात बदली घेतली. शेळ्या-मेंढ्यांचं केंद्र होतं म्हणे. जाताना मला त्यांची ती वही देऊ लागल्या. मी घेतली नाही. मला मांजरातलं काय कळतं, असं म्हणालो. आता वाटतं घ्यायला हवी होती.

दिवाळीनंतर मंदा पुन्हा माझ्याकडे आली. या खेपेला पोटुशी होती म्हणून तोडीला गेली नव्हती, नवरा एकटाच गेला होता. हिमोग्लोबिन बघायचं होतं. दंडाला पट्टी बांधताना मी काहीतरी विचारायचं म्हणून घरचं विचारलं, तर म्हणाली, “चिंगी जेवंना झालीय. चार दिस झाले.” नवीन मांजर घेतलं होतं, त्याचंही नाव चिंगीच ठेवलं होतं. नवऱ्याच्या अंथरुणात झोपायचं ते.

मी सुई ठेवून आत गेलो आणि मॅडमना फोन लावला. चार दिवस म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला. बऱ्याच महिन्यांनी असा जुना आवाज ऐकला मी. “अजून वेळ हाय, भाऊ. आजच्या आज अंडं सुरू करायला लावा. त्यो शब्द काढू नका. आन् माझं नाव तर अजिबात काढू नका, नायतर ती घालायची न्हाई.”

मी बाहेर येऊन मंदाला दोन पिचकाऱ्या दिल्या. अंडं कसं पातळ करायचं, गालाच्या कडेनं कसं सारायचं, सगळं सांगितलं. हे कुठं शिकलात म्हणून तिनं विचारलं तर म्हणालो, असंच, वाचलं कुठंतरी. ती हो म्हणून गेली. मी त्या दिवशी घरी जाताना खुशीत होतो, बायकोसाठी भजी घेऊन गेलो.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट न्यायला मंदाबरोबर आबाही आले. मी मांजराचं विचारलं. उत्तर आबांनीच दिलं. टोपी काढून, जवळ सरकून, एखादं गुपित सांगावं तसं.

“डोळे पिवळे पडलेत तिचे. पर आता मला वळखू येतंय. मागच्या टायमाला उशीर झालता, मॅडमच म्हणल्या. या टायमाला मी पयल्या दिवसापासून पथ्य धरलंय. हिनं येक डाव अंडं घातलं, मी लगेच बंद करायला लावलं.”

मी म्हणालो, “आबा, अंडंच घालायचं असतं. मांजराला पथ्य चालत नाही. उपासानं मरतं ते.”

“काविळीत?” आबांना माझी कीव आली असावी. “साहेब, तुमी माणसाची लॅब चालवता. तुमी असं म्हणता?”

“मॅडमनी सांगितलंय हे.” शेवटी मी नाव घेतलंच.

मंदा म्हणाली, “त्यांचं नका सांगू. भली बाई व्हती, चूक कबूल केली. पर त्यांना त्यातलं कळत न्हाई. त्यांनीच सांगितलंय मला, इतं, तुमच्यासमोर.”

हो, माझ्यासमोरच सांगितलं होतं. फाइल माझ्या मागच्या कपाटात होती. ती काढून मी म्हणू शकलो असतो की आबा, पहिली तुमच्या हातानं गेली आणि दुसरीही तुमच्याच हातानं जातेय. वाक्य तोंडात तयार होतं. समोर म्हातारा टोपी हातात घेऊन उभा होता, शेजारी पाचव्या महिन्यातली लेक. मी हिमोग्लोबिनचा कागद पुढे केला आणि रक्त कमी आहे, पालेभाजी खात जा, असं सांगितलं. माझ्यासारख्या बोलघेवड्या माणसाला ऐन वेळी पालेभाजी आठवली, याची मला आजही लाज वाटते.

चिंगी पुढच्या सोमवारी गेली. आबा बाजारला आले तेव्हा त्यांनी सांगितलं. एवढं पथ्य करूनही जाते म्हणजे तिचं आयुष्यच तेवढं, असं ते म्हणाले आणि मीही मान डोलावली.

त्याच दिवशी संध्याकाळी मॅडमचा फोन आला. मागे मेंढरांचा आवाज येत होता. बराच वेळ इकडचं तिकडचं विचारलं त्यांनी, पाणी येतं का, मुलगी काय करते. मग म्हणाल्या, “ती पालीची चिंगी? खातीय का?”

“खातीय,” मी म्हणालो.

“सोताहून?”

“हो. काल ताटलीतलं खाल्लं म्हणे.”

पलीकडे त्या हसल्या. “बरं झालं, भाऊ,” म्हणाल्या. “तीन आठवडे सोडू नका म्हणावं. मधीच सोडतेत लोकं.”

“सांगतो,” मी म्हणालो.